काहीतरी बांधून घे

नमस्कार. माइक जरा खाली घ्या, माझी उंची तुमच्या आधीच्या वक्त्यांएवढी नाही.

मला विषय दिला होता 'कौटुंबिक सहल : काल आणि आज'. फार ऐसपैस विषय आहे. मी त्यातलं एकच वाक्य घेऊन आले आहे. आमच्या गिरगावातल्या चाळीत ते शनिवारी रात्री साडेनवाच्या सुमाराला ऐकू यायचं. वडील पोस्टात होते. जेवण झालं की पंच्याला हात पुसत म्हणायचे, "उद्या पोरांना राणीच्या बागेत नेऊ या. बाहेरचं नको हं, काहीतरी बांधून घे."

तर हे 'काहीतरी' म्हणजे काय, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे.

रात्रीच्या साडेनवाला दुकानं बंद. आई आधी बटाट्याच्या टोपलीत हात घालायची. मग दुधाचं पातेलं बघायची. दूध संपलेलं असेल तर पहाटे आरेच्या केंद्रावर बाटल्या यायच्या तेव्हा मला पिटाळलं जायचं. दूध चहासाठी नव्हे, दशमीसाठी. कणीक पाण्यात न भिजवता दुधात भिजवायची, कडकडीत तेलाचं मोहन घालायचं आणि चांगली तिंबून ठेवायची. भाजतानाही तेल सोडायचं. दुधातला स्निग्धपणा आणि वरचं तेल यांमुळे ती दुपारपर्यंत मऊ राहते. साध्या पोळीसारखी तिची कड कडक होत नाही.

दशमीमागे आणखी एक कारण होतं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दुधात भिजवलेलं पीठ सोवळ्याला चालतं, पाण्यातलं चालत नाही, असा नियम होता. म्हणजे वाटेत कोणाच्या हातचं खावं लागू नये हाही त्या डब्याचा एक हेतू होता. माझी आजी आगबोटीने जैतापूरला जायची तेव्हा तिच्या बोचक्यात दशम्याच असत. आजूबाजूला कोण काय खातंय याच्याकडे ती पाठ करून बसायची. आम्ही आज 'शिदोरी' म्हणून ज्याचं कौतुक करतो, त्यात हा कडवट भागही बांधलेला आहे. वडिलांच्या 'बाहेरचं नको'मध्ये मात्र सोवळं कमी आणि पगार जास्त होता. पाच माणसं हॉटेलात बसवायची म्हणजे पोस्टातल्या कारकुनाचा महिना लंगडायचा.

आता बटाट्याची भाजी. घरी करतो त्याच भाजीत प्रवासासाठी काय काय गाळायचं, हे आईला कोणी लिहून दिलं नव्हतं. कांदा नाही. ओलं खोबरं तर नाहीच, उन्हात सगळ्यात आधी दगा देतं ते. फोडी उकडून निथळून घ्यायच्या, वाफ पूर्ण जाऊ द्यायची, मग फोडणीत परतायच्या. सगळ्या नियमांचं मूळ एकच, पाणी. पदार्थात जितकं पाणी, तितका तो लवकर बिघडतो. म्हणून पुऱ्या तळल्या की चाळणीवर पसरून गार व्हायच्या आणि मगच डब्यात जायच्या. गरम पुरी डब्यात भरली की झाकणाला घाम फुटतो, तो घाम पुरीवर पडतो, आणि अकरा वाजता डबा उघडला की आंबूस वास येतो. माझी एक मैत्रीण रसायनशास्त्र शिकवायची. तिने मला हे एकदा शास्त्राच्या भाषेत समजावलं. मी म्हटलं, बाई गं, हे मला आईने पाठीत धपाटा घालून शिकवलंय.

आणि दहीभात. यातली युक्ती तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत असेल. ज्यांना नाही त्यांनी लिहून घ्या. दहा मिनिटांची ही एकच गोष्ट मी आज खरोखर शिकवणार आहे. प्रवासाच्या दहीभातात दही घालायचं नसतं. म्हणजे नावापुरतंच. मऊ भात कोमट असताना चांगला घोटायचा, त्यात भरपूर दूध, एकच चमचा दही आणि मीठ. वरून मिरचीची फोडणी. सकाळी सातला डबा बंद केला की तो वाटेत आपलाआप विरजतो आणि एक वाजता ताजा दहीभात होतो. सकाळीच वाटीभर दही कालवलं तर त्याच वेळेला तो तोंड वाकडं करायला लावतो. डबा काठोकाठ भरायचा नाही, कडी पक्की लावायची आणि उभाच ठेवायचा. मांडीवर ठेवायचा तो याच कारणासाठी. मांडीची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

तर राणीची बाग. भायखळ्याला आम्ही ट्रामने जायचो ते मला अंधुक आठवतं. ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली, तेव्हा मी सात वर्षांची. पुढे बेस्टची बस. बाग १८६२ची, व्हिक्टोरिया राणीच्या नावाची. आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पण टॅक्सीवाला काय, कंडक्टर काय, राणीबागच म्हणतो. तिथली झाडं प्राण्यांपेक्षा भारी आहेत, असं माझं मत आहे. पण ते लहानपणी नव्हतं.

आत गेल्यावर पहिलं काम सतरंजी टाकायचं. सावलीची जागा मिळाली की आई बसायची. तिच्या एका बाजूला कडीचे डबे, दुसऱ्या बाजूला फिरकीचा तांब्या, मांडीवर दहीभात, आणि वर डोळा ठेवून बसलेले कावळे. वडील आम्हाला घेऊन निघायचे. माकडं, हत्ती, वाघ, पाणघोडा असं सगळं बघून दोन तासांनी आलो की आई वाढायला घ्यायची. जेवण झालं की ती डबे विसळायची, आम्ही परत पळायचो. कोणीतरी सामानाजवळ बसायला हवंच ना.

आई गेली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझा मुलगा आपल्या लेकीला पेंग्विन दाखवायला घेऊन गेला होता. ते २०१७ पासून लोकांना बघता येऊ लागले. नात घरी येऊन पणजीला वर्णन करून सांगत होती. आई ऐकत होती, आणि मधेच मला विचारते, "काय गं, तिथे पाणघोडा पण आहे ना?"

वीसेक वेळा तरी ती त्या बागेत गेली असेल.

मी काहीच बोलले नाही. "आहे," म्हटलं. "मोठा आहे."

(इथे कोणीतरी विचारलं, की वडिलांनी कधीच आईला सांगितलं नाही का, की तू जा, मी बसतो. नाही सांगितलं. ते दुष्ट नव्हते, त्यांना सुचलंच नाही. आम्हालाही सुचलं नाही, हे त्याहून वाईट.)

आता गाडीचा प्रवास. लग्न होऊन मी मुलुंडला आले. ब्याण्णव साली ह्यांनी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. नव्या गाडीसारखी तिची पूजा केली आणि मे महिन्यात राजापूरला जायचं ठरलं. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. सासरे म्हणाले, "सूनबाई, वाटेत काही मिळत नाही, काहीतरी बांधून घ्या." घर बदललं, वाक्य तेच. फक्त 'घे'चं 'घ्या' झालं, तेवढाच मान वाढला.

मुंबई-गोवा रस्ता तेव्हा दोनपदरी. पेण, मग वडखळ नाक्याला हमखास कोंडी, कारण तिथे अलिबागचा रस्ता फुटतो. नाक्याच्या आसपास पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असायच्या. तिखट कमी, गोडसर. दशमीबरोबर तो कांदा हाताने फोडून खाल्लात तर दुसरं काही लागत नाही. म्हणजे भाजीत कांदा घालायचा नाही, पण वाटेत विकत घेऊन कच्चा खायचा. सासूबाईंनी त्या दिवशी दोन माळा घेतल्या आणि नंतर सबंध गाडीला वास, म्हणून मुलाला गाडी लागली. 'गाडी लागणं' यावर आमच्याकडचे उपाय म्हणजे लिंबू हुंगायचं, आलेपाक चघळायचा आणि खिडकीशी बसायचं. तिन्ही केले. उलटी झालीच.

पोलादपूर गेलं आणि कशेडीचा घाट लागला. दुपारचे दोन. निम्म्या चढावर पद्मिनी खोकली, थांबली, आणि काही केल्या चालू होईना. मागे ट्रकांची रांग. एक ट्रकचालक उतरून आला, बॉनेट उघडलं, हात लावून बघितलं आणि ह्यांना म्हणाला, "साहेब, पंपात पेट्रोलची वाफ झाली. ओलं फडकं आहे का?" त्या गाड्यांचा पेट्रोलपंप इंजिनाला चिकटून बसवलेला. घाटात इंजिन तापलं की नळीतलं पेट्रोल उकळून वाफ धरतं आणि पुढे सरकत नाही. ओलं फडकं होतं माझ्याकडे. फिरकीच्या तांब्याभोवती मी नेहमी एक ओलं फडकं गुंडाळते, पाणी गार राहतं. ते काढलं, पुन्हा भिजवलं, पंपावर ठेवलं. दहा मिनिटांनी गाडी चालू झाली. त्या ट्रकवाल्याला आम्ही चार दशम्या आणि चटणी दिली. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दिली, हे मुद्दाम सांगते. आजी असती तर पाठ करून बसली असती.

ही गोष्ट घरात शंभरदा सांगितली गेली. दरवेळी तिच्यात ट्रकवाला असतो, ह्यांचं प्रसंगावधान असतं. फडकं कोणाचं ते नसतं.

एक गोष्ट मात्र कोणीच सांगत नाही, ती मी आज सांगते, सभ्यता सोडून. त्या बारा-तेरा तासांत सासूबाईंनी आणि मी मिळून किती पाणी प्यायलो असू? दोन-तीन पेले. तहान नव्हती म्हणून नाही. मधे जायला जागा नव्हती. पुरुष गाडी थांबवायचे, झाडामागे जाऊन यायचे. आम्ही महाड येईपर्यंत ओठ मिटून. म्हणून लोणचं डब्यात असायचं, पण बायका ते घ्यायच्या नाहीत. तहान लागते. पुऱ्याही एखादीच. डब्यात काय भरायचं हे पाचजणांच्या जिभेवर ठरायचं. त्यातलं आपण काय खायचं, हे पुढचं शौचालय किती लांब आहे त्यावर. मुलुंडच्या आमच्या बायकांच्या गटात मी हे एकदा बोलले, तर एकूण एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली.

म्हणून २००२ मध्ये पुण्याचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, मधे थांबे आले, स्वच्छ म्हणावीत अशी शौचालयं आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. लोक म्हणतात, फूड कोर्टने घरचा डबा मारला. असेल. मी पहिल्यांदा तिथे बसून आयता वडा खाल्ला, पाणी पोटभर प्यायले, वर चहा घेतला आणि माझ्या मांडीवर काही नव्हतं. मला डब्याची आठवण आली नाही. खोटं कशाला बोलू?

पण कोकणच्या रस्त्याचं तसं नाही. चौपदरीकरण इतकी वर्षं चालू आहे, की माझी नात त्याच्याबरोबर मोठी झाली. कशेडीला आता बोगदा झाला आहे, घाट टळतो. पण गणपतीत गाड्यांची जत्रा लागते ती लागतेच. दोन वर्षांपूर्वी आम्ही वडखळ ते माणगाव यांच्या मधे कुठेतरी पाच तास अडकलो. मुलगा निघताना म्हणाला होता, "आई, काही करू नकोस, वाटेत खाऊ." वाटेत हॉटेलं होती. त्यांच्यापर्यंत गाडी पोचत नव्हती. सहाजणांत माझ्या पर्समधला आलेपाक आणि सुनेच्या पिशवीतला बिस्किटांचा एक पुडा.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री साडेदहाला मुलाचा फोन आला. "आई, दशमीला दूध किती?"

मी म्हटलं, "मावेल तेवढं."

"मावेल म्हणजे? किती मिली?"

पासष्ट वर्षांत मी ते मोजलं नव्हतं. आईनेही नसणार. मी फोन तसाच ठेवला, स्वयंपाकघरात गेले, दोन वाट्या कणीक घेतली आणि एका वाटीतून दूध घालत गेले. एक वाटी पुरती संपली नाही, तळाशी थोडं उरलं. तेल दोन चमचे. हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "थांब, लिहून घेतो." मागून सून म्हणत होती, "अरे, गार होऊ दे मग भर."

दशम्या चिवट झाल्या होत्या. तव्यावर फार वेळ ठेवल्या असणार. नातीने चेहरा केला, पण खाल्ल्या. पहाटे पाचला निघालो. डबा पुढे मुलाच्या बायकोच्या पायाशी होता, दहीभाताचा डबा नातीच्या मांडीवर, आणि दर दहा मिनिटांनी ती विचारत होती, "झालं का दही?" मी मागे खिडकीशी बसले होते. पनवेल गेलं, उजाडलं, आणि कर्नाळ्याचा सुळका दिसला. या रस्त्याने मी किती वर्षं जाते आहे. अंगठ्यासारखा आहे, असं सगळे म्हणतात.

तसाच आहे.