कर्लीकाठची गरी

(गावच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

परवा मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका मुलाने मला विचारलं, "आजोबा, इथे मासे कुठे मिळतात?" मी त्याला विचारलं, "कुठल्या पाण्यातले?" त्याला वाटलं, म्हातारा उत्तर टाळतोय. अरे, त्या एका प्रश्नात माझी चाळीस वर्षं गेली. म्हणून आज वाचनालयाने बोलायला बोलावलं तेव्हा म्हटलं, चला, त्या मुलाचं उत्तर सगळ्यांसमोर देऊ.

आपल्या सिंधुदुर्गातल्या कर्ली नदीवर, नेरूरपारच्या पुलावर उभे राहा. पूर्वेला सह्याद्री. तिथून उतरलेले व्हाळ म्हणजे लहान ओहोळ, ओढे, भंगसाळ, सगळं पाणी कर्लीत येतं. पश्चिमेला नदीची खाडी होते, आणि देवबागची चिंचोळी पट्टी एका बाजूला, भोगवे दुसऱ्या बाजूला ठेवून ती दर्याला मिळते. घरून सकाळी मोटारसायकल काढली, तर अंधार पडायच्या आत गोडं पाणी, मचूळ म्हणजे निमखारं पाणी, खारं पाणी, वाळू आणि खडप म्हणजे किनाऱ्याचे खडक अशा सगळ्या ठिकाणी गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, टाकून घरी येता येतं. हौसेने गरवणाऱ्याला याहून मोठं भाग्य कुठलं, मला माहीत नाही.

घरामागच्या व्हाळापासून सुरुवात करू. चिव्याच्या बारीक बांबूची काठी, हातभर तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, बारीक गरी आणि गांडूळ. एवढ्यावर आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराने शेंगाळा आणि मळये हे मासे काढले. शेंगाळ्याचा काटा हातात घुसल्यावर कसा ठणकतो, तेही इथेच कळतं. वर कोंडाकडे, म्हणजे नदीतल्या खोल डोहाकडे गेलात की मासा मोठा होतो आणि माणसाला गप्प बसायला शिकावं लागतं. पाण्यावर तुमची सावली पडली की सकाळ वाया गेली. महाडजवळ वाळण कोंडात मासीर म्हणजे महाशीर मासे देवाचे म्हणून राखले आहेत. त्यांना कोणी धरत नाही, लोक खायला घालतात. तिथे काठी न नेता नुसतं काठावर बसून या. मोठा मासा निर्भय असतो तेव्हा कसा वागतो, हे मी तिथे बसून शिकलो.

व्हाळाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की मासे चढणीला लागतात. ते अंडी घालायला वर, शेतांच्या पाण्यापर्यंत जातात. त्या रात्री बत्ती घेऊन धावण्याची मजा मीही लुटली आहे. आता जात नाही. पोटात गाबोळी म्हणजे अंडी असलेले मासे घमेलंभर आणायचे आणि भाद्रपदात व्हाळात काहीच नाही म्हणून हळहळायचं, हे मला पटेनासं झालं. कोंडात ब्लिचिंग पावडर टाकणाऱ्यांबद्दल तर बोलताना माझा आवाज चढतो. त्या पाण्यात मासा मरतो, त्याची पिल्लं मरतात, खेकडे मरतात, आणि तेच पाणी खाली गुरं पितात.

आता खाडी. इथे थोडं थांबू, कारण माझा जीव इथेच आहे.

खाडीत गरवायचं तर पाण्याचं घड्याळ यावं लागतं. मी लहान असताना शेजारचे एक काका मला होडीत घेऊन जायचे. गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजातला माणूस, मोजकंच बोलणारा. मी बसल्याबसल्या गरी भिरकावली की म्हणायचे, "आधी पाणी खंय जाता ता बघ, मग टाक." त्यांनीच मला तिथीचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता मुंबईला भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. मालवणच्या बाजूला भरती त्याआधी पाऊण तासभर येते, आणि खाडीत जितकं वर जाल तितकी पुन्हा उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात चालतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. दररोज भरती सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मोबाइलवर तक्ते मिळतात, जरूर बघा, पण हा हिशोब तोंडी असला की रात्री अंथरुणात पडल्यापडल्याही पाणी कुठे असेल ते दिसतं.

भरतीला मासा तिवरांच्या मुळांत शिरतो. सुकती म्हणजे ओहोटी लागली की खाजणातलं, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतलं पाणी बारीक चरांतून बाहेर येतं, त्याच्याबरोबर सुंगटं म्हणजे कोळंबी आणि बारीक मासळी येते. खारबंधाऱ्याच्या उघाडीसमोर, म्हणजे पाणी सोडायच्या दारासमोर, जिथे वाहतं पाणी थांबलेल्या पाण्याला भिडतं, तिथे चोणक हा मासा उभा असतो. रायगडात याला जिताडा म्हणतात. जिवंत सुंगट लावा किंवा ल्युअर म्हणजे खोटं आमिष फेका. तो घेतो तेव्हा आधी पाण्यात 'टप्प' असा आवाज होतो आणि मग हाताला झटका बसतो. तांबोशी ही मासळी वेगळी. ती गरी घेते आणि थेट मुळांत पळते. पहिल्या दोन हातांत तिला वळवलं नाही, तर तंगूस गेलाच. शेवटा हा मासा गरीला सहसा दाद देत नाही, त्याला पाग म्हणजे फेकजाळं लागतं. काळुंदर हा मासा उथळात दगडांच्या आडोशाला असतं. नर-मादी दोघं मिळून अंडी आणि पिल्लं राखतात. पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे गरी टाकू नका.

आता माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, पाऊस नुकताच लागला होता. खाडीच्या मुखाजवळ मला एक चोणक लागला. अर्धा तास झुंजलो. दोघांनी उचलावा लागला. आळीभर माणसं बघायला आली, मी फुशारलो. चिरला तेव्हा पोटात गाबोळीच गाबोळी. त्या वेळी एवढंच वाटलं की चव चांगली लागेल. पुढे वाचनात आलं की हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे थोराड चोणक बहुतेक माद्याच. आणि अंडी घालायला त्या खाऱ्या पाण्याकडे, मुखाकडे उतरतात, नेमक्या तिथे आम्ही टपून बसलेलो. खाडीतली पुढच्या कित्येक वर्षांची मासळी त्या दिवशी मी पाटावर चिरली होती. तेव्हापासून मोठा चोणक मी सोडतो. मधल्या मापाचा घरी नेतो, तोच खायलाही चांगला.

या एका माशाने मला आणखी एक दाखवलं. आपण व्हाळ, नदी, खाडी, दर्या अशी नावं पाडली. मासा ती मानत नाही. तांबोशी लहानपणी तिवरांत राहते आणि मोठी झाली की समुद्रातल्या खडकांकडे जाते. कोंडातली वाम उलट करते. तिचं आयुष्य गोड्या पाण्यात जातं आणि अंडी घालायला ती समुद्रात जाते. मध्ये कुठे वाट अडली, तिवर तोडलं, चर बुजवला, तर वर आणि खाली दोन्हीकडची गरी रिकामी येते. निवतीच्या खडपावर उभा राहून मोठी तांबोशी काढणारा माणूस आमच्या खाजणातलंच पीक काढत असतो.

पुळणीबद्दल, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याबद्दल थोडक्यात. लांब काठी, शिशाचा गोळा, गरीला सुंगटाचा तुकडा, आणि लाटेने केलेल्या खळग्यात मुडदुशी ही मासळी. मुलांना शिकवायला याहून चांगली जागा नाही. खडपावर गोबरा हा मासा मिळतो, पण तिथे एकटं जाऊ नका, आणि समुद्राकडे पाठ कधीच करू नका. होडीतून सुरमईसाठी ओढगरी, म्हणजे चालत्या होडीमागे ओढायची गरी, टाकायची असेल तर मालवणच्या जाणत्या माणसाला घेऊन जा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे कुठे मासेमारी चालते आणि कुठे नाही हे त्याला ठाऊक असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात. त्या दोन महिन्यांत मी काठ्याही तेल लावून ठेवतो. माशांना तेवढी सवड माझ्याकडूनही.

त्या मुलाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तो इथेच समोर बसलाय. तर ऐक. उद्या दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, आपल्या किनाऱ्याला पावणेसात, आणि पुलापाशी सव्वासात-साडेसात. भांग सरून पाणी नुकतं जोर धरतंय, म्हणजे ते बेताने चालेल, नवख्या हाताला झेपेल असं. साडेसातला सुकती लागेल. सातला पुलाखाली ये, टोपी आण, गरी मी देतो. परवा कार्तिकी एकादशी, काठ्या घरी राहतील, म्हणून उद्याच.