जिन्यातली चित्रं

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'आधुनिक चित्र कसं बघावं', त्यावर येतोच, पण आधी जिन्याचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माइक जरा जवळ घेतो, शाळेत पस्तीस वर्षं ओरडून घसा गेलाय. ड्रॉइंगच्या तासाला वर्ग शांत असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो तास कधी घेतलेला नाही.

तर एका वर्षी स्नेहसंमेलनाला मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. ऐनवेळी हॉल गेला कुणाच्या तरी सत्काराला, आणि वरून फर्मान आलं की शाळेला नुकताच रंग दिलाय, भिंतीला एकही खिळा लागता कामा नये. म्हटलं मग चित्रं काय डोक्यावर घेऊन उभं राहायचं? शेवटी जिना मिळाला. आमच्या शिपाईमामांनी कठड्याला सुतळी बांधली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं लावली, आणि सगळी लावली जिन्याच्या उताराला धरून, तिरकी! आता एलिमेंटरीच्या मुलांची चित्रं म्हणजे डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. साठ-पासष्ट नद्या एकदम उताराला लागलेल्या, वाटलं तळमजल्यावर पूर येतोय. मी मामांना म्हटलं, अहो चित्र जमिनीला समांतर हवं. मामा म्हणाले, कुठल्या जमिनीला गुरुजी, इथं जमीनच तिरकी आहे. या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, अजून नाही. बोलणी मीच खाल्ली, ते असो.

पण त्या दिवशी एक गोष्ट बघितली. पोरं वरच्या वळणावर उभी राहून खालच्या जिन्यातली चित्रं बघत होती. मघाशी जवळून बघितलेलीच, आता लांबून. एक जण ओरडला, "ए, तुझा डोंगर इथून हत्ती दिसतोय!" आणि ज्याचा डोंगर होता तो पळत वर आला, स्वतःचं चित्र बघायला. हॉलमध्ये असं कधी होत नाही. हॉलमध्ये माणूस रांगेत येतो, चित्रासमोर दोन सेकंद थांबतो, पुढे जातो, दाराशी चिवडा असतो.

आता न्यूयॉर्क. २०१४ च्या डिसेंबरात मुलाकडे न्यू जर्सीला होतो, तेव्हा गुगेनहाइम म्युझियमला गेलो. शनिवारी संध्याकाळी तिथे आपल्या मर्जीने द्याल ते तिकीट असायचं, त्यामुळे थंडीत ही लांब रांग, अर्धी आपलीच माणसं असावीत असा माझा संशय. मी पाच डॉलर दिले. मुलाने मान फिरवली. मी मनात तीनशे रुपये मोजले आणि मान ताठ ठेवली.

बाहेरून ती इमारत म्हणजे पांढरा भोवरा, खाली निमुळता, वर रुंद. आजूबाजूला सगळ्या चौकोनी बिल्डिंगा, मध्ये हे. आत मजले असे नाहीतच, एकच उतार गोल गोल वरपर्यंत गेलाय, साधारण चारशे मीटर, मध्ये सगळं मोकळं आणि वर काचेचा घुमट. आमची ही म्हणाली, "अहो, हे तर मॉलच्या पार्किंगसारखं आहे." मी हसलो, घरी येऊन वाचलं तर चूक माझीच. ही इमारत आखणारा आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट, त्याने १९२४-२५ मध्ये मेरिलँडमधल्या एका डोंगरावर गाड्या गोल चढतील अशी इमारत आखली होती, ती झाली नाही, तीच कल्पना इथे उलटी होऊन आली. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही, इथे कुणी सांगू नका.

राइटला काम मिळालं १९४३ मध्ये, म्युझियम उघडलं २१ ऑक्टोबर १९५९ ला, आणि तो गेला त्याच वर्षी एप्रिलमध्ये. म्हणजे सोळा वर्षं भांडला आणि उद्घाटनाला नाही. भांडण कसलं? आमच्या जिन्याचंच! भिंती गोल, वर बाहेरच्या बाजूला कललेल्या, जमीन उतरती. १९५६ मध्ये एकवीस चित्रकारांनी सह्या करून पत्र दिलं की इथे आमची चित्रं नीट लागणार नाहीत, त्यात डी कूनिंगसारखा नावाजलेला अमूर्त चित्रकार होता. राइट म्हणायचा, भिंत कललेली आहे तर चित्र ईझलवर, म्हणजे चित्रकाराच्या तिरक्या घोडीवर, ठेवल्यासारखं दिसेल. शेवटी संचालक स्वीनीने भिंतीतून लोखंडी दांडे काढून त्यांवर चित्रं सरळ उभी केली, म्हणजे भिंतीला टेकलीच नाहीत. आमचे मामा तिथे असते तर चिमटे घेऊन तयार.

लिफ्टने वर जायचं आणि चालत खाली यायचं ही राइटची मूळ कल्पना, आमच्या गुडघ्यांना ती एकदम पटली. उतारावर तेव्हा झीरो नावाच्या जर्मन मंडळींचं प्रदर्शन होतं, त्यात ऊकर नावाचा माणूस, याचं काम काय तर फळीवर खिळे ठोकायचे. खच्चून खिळे! एक खिळा ठोकू दिला नव्हता हो मला. मी तिथे दहा मिनिटं उभा होतो, कला म्हणून नाही, सूड म्हणून. मग अर्धं वळण खाली आलो, सहज समोर बघितलं, तर मोकळ्या जागेपलीकडे वर तीच फळी, आणि आता खिळे दिसतच नव्हते, वाऱ्याने झोपलेलं गवत दिसत होतं. डोंगराचा हत्ती झाला होता, मंडळी.

चिठ्ठी आलीये. पाच मिनिटं. बरं.

तर कसं बघावं. एवढंच सांगतो की दोनदा बघावं, एकदा नाक लावून, एकदा लांबून, आणि मध्ये दुसरं काहीतरी बघून यावं. बाकी 'याचा अर्थ काय' हे नंतर, नाही कळला तरी चालतो. आपल्या गायतोंड्यांचं घ्या, वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावात, जेजेचे विद्यार्थी. त्यांचं प्रदर्शन त्याच वेळी त्याच म्युझियममध्ये होतं, मी गेलो होतो मुळात त्यासाठीच! ते आपल्या चित्रांना अमूर्त म्हणत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत, म्हणजे मुळात कुठल्याच वस्तूवरून न काढलेलं, आणि या म्युझियमचं १९३९ मधलं पहिलं नाव म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग. म्हणजे माणूस बरोबर पत्त्यावर पोचला होता. रोलरने, पॅलेट नाइफने रंग चढवायचा, काढायचा, परत चढवायचा, वर्षाला पाच-सहा चित्रं. पण ती होती बाजूच्या टॉवरमध्ये, सरळ भिंतींच्या खोल्यांत. तिथे पलीकडून बघायची सोयच नाही. पिवळ्या रंगाच्या एका चित्रासमोर उभा राहिलो, काही झालं नाही, खोटं कशाला बोलू. पाऊण तासात म्युझियम बंद झालं.

पुढच्या शनिवारी परत गेलो, एकटाच. आधी उतारावरून खाली आलो, मग त्या खोलीत. तेव्हा त्या पिवळ्यात खालून काहीतरी वर येताना दिसलं, काय ते मला अजून सांगता येत नाही, आणि आता वेळही नाही. त्या दिवशी तिकिटाचे दहा डॉलर दिले होते.

चहा बाहेर आहे म्हणतात. प्रश्न तिथेच विचारा, आणि चित्रं काढणारी मुलं कुणी आणली असतील तर त्यांना जरा पुढे पाठवा.