भुताचे पाय बघावेत

मंडळी, माझी आजी सांगायची, रात्री वाटेत अनोळखी कुणी भेटलं तर तोंडाकडे बघू नये, पायांकडे बघावं. उलटे दिसले की मागे न बघता घर गाठायचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आजीनं हेच सांगितलं असणार. हा सल्ला मला उपयोगी पडला तो थेट इंग्लंडात, यॉर्कमध्ये.

माझी मुलगी लीड्सला असते. तिथून यॉर्क रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत. इ.स. 71 मध्ये रोमन सैन्यानं ऊझ आणि फॉस या दोन नद्यांच्या मध्ये तळ ठोकला, त्यातून हे गाव उभं राहिलं. रोमन लोक त्याला एबोराकम म्हणायचे. पुढे व्हायकिंग आले, नॉर्मन आले, प्रत्येकानं आपापली माणसं इथे पुरली. अशा गावात भुतांची टंचाई असायचं कारण नाही. रात्री पैसे घेऊन भुतं दाखवत हिंडवणाऱ्या फेऱ्या तिथे बऱ्याच आहेत. त्यातली एक 1973 पासून चालते आणि स्वतःला जगातली सर्वांत जुनी म्हणवते. ती नदीकाठच्या ‘किंग्ज आर्म्स’ पबपासून निघते. या पबात पूर इतक्यांदा येतो की पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा आत नोंदवून ठेवल्या आहेत.

आम्ही घेतली ती फेरी दुसरीच. काळा झग्यासारखा कोट, उंच टोपी, हातात काठी, असा गाईड. पाऊस भुरभुरत होता. बोलायचा झकास. गर्दी हसली की थांबायचा, मग एकदम आवाज खाली आणायचा. आपले कीर्तनकार करतात तसंच.

पण क्लिफर्ड्स टॉवरपाशी माझं त्याच्याशी मनातल्या मनात बिनसलं. टेकाडावरचा हा किल्ल्याचा दगडी बुरूज. त्याच्या भिंतीतून कधीकधी लाल ओघळ येतात, ते इथे मेलेल्या ज्यूंचं रक्त, असं त्यानं सांगितलं. पोरं किंचाळली. ‘पुढे चला!’ म्हणत तो निघाला. आता खरं काय ते ऐका. मार्च 1190 मध्ये गावातले ज्यू जमावाच्या भीतीनं या किल्ल्यात शिरले. जमावात त्यांच्याकडून कर्ज घेतलेले लोकही होते. सुमारे दीडशे माणसं होती. वेढा सुटेना तेव्हा बऱ्याच जणांनी आपल्या बायकापोरांना मारून स्वतःला संपवलं. उरलेले अभय मिळेल या भरवशावर बाहेर आले, आणि त्यांना कापून काढलं. त्यानंतर जमाव कॅथीड्रलमध्ये, म्हणजे गावातल्या मोठ्या चर्चमध्ये गेला आणि तिथे ठेवलेली कर्जाची कागदपत्रं जाळून टाकली. मंडळी, तो बुरूज लाकडी होता, तेव्हाच जळाला. आजचा दगडी बुरूज तेराव्या शतकातला. मग त्याच्या भिंतीतून रक्त कुणाचं येणार? रक्त सांगितलं आणि कर्जाचे कागद गाळले. या भुताला पायच नव्हते.

फेरीतली दुसरी गोष्ट मात्र अशी, की तिला पाय आहेत आणि गोष्ट पायांचीच आहे. कॅथीड्रलच्या मागे ‘ट्रेझरर्स हाउस’ नावाचा जुना वाडा आहे. 1953 मध्ये हॅरी मार्टिंडेल नावाचा एक शिकाऊ प्लंबर त्याच्या तळघरात शिडीवर चढून काम करत होता. आधी कर्ण्याचा आवाज आला. तो जवळजवळ येत गेला आणि भिंतीतून एक शिरस्त्राण बाहेर आलं. पोरगा शिडीवरून पडला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. मागून घोडा, मग दोन-दोनच्या रांगेत रोमन शिपाई. दमलेले, मळलेले, अंगानं लहानखुरे. त्यांना गुडघ्याखाली पाय नव्हते! चालत चालत ते अशा ठिकाणी आले जिथे फरशी उकरून खालचा रोमन रस्ता उघडा केला होता. तिथे पाय दिसले, पट्ट्यांच्या चपलांसकट.

म्हणजे ती माणसं आपल्या रस्त्यावरूनच चालली होती. तो रस्ता फरशीच्या सुमारे दीड फूट खाली. मार्टिंडेल धावत वर आला तर वाड्याच्या म्हाताऱ्या रखवालदारानं त्याचा चेहरा बघूनच ओळखलं. मित्र मात्र हसले, तेव्हा हा पठ्ठ्या वीसेक वर्षं गप्प बसला. पुढे तो पोलिसात नोकरीला लागला. त्यानं ढाली गोल सांगितल्या म्हणून जाणकारांनी मोडीत काढलं होतं, कारण रोमन ढाल म्हणजे चौकोनी. पण रोमनांच्या साहाय्यक पलटणी गोल ढाली वापरत, हे नंतर त्याच्या बाजूनं आलं.

त्याला खरंच दिसलं का? मला विचाराल तर शिपायांपेक्षा तो दीड फूट मला जास्त पटतो. आपल्या पेठांत बघा, दर डांबरीकरणाला रस्ता चार बोटं वर येतो आणि जुन्या घराचा उंबरा खाली जातो. पावसाळ्यात पाणी आत येतं तेव्हा घरमालक नगरपालिकेला शिव्या घालतो. अठराशे वर्षांत यॉर्कमध्येही राडारोडा टाकून, त्यावर बांधून, नदीचा गाळ साचून तेच झालं. भुताच्या गोष्टीत हे आपसूक येतं, ही मला मोठी गंमत वाटते.

(श्रोत्यांतून प्रश्न : तुम्हाला दिसलं का हो काही? पाय बघितलेत का?)

बघितले की. आजीनं सांगितलंय म्हटल्यावर बघणारच. फेरी संपल्यावर गाईड दिव्याखाली सुट्टे पैसे मोजत उभा होता. वर ती उंच टोपी, तो काळा कोट, आणि खाली चिखलानं माखलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. सरळ होते.