लाजेचा ब्रेक

नमस्कार मैत्रिणींनो. आणि नवरे मंडळींपैकी कुणी ऐकत असतील, तर तुम्हीही बसा. आजचं बोलणं दोघांसाठी आहे.

मध्यंतरी दवाखान्यात एक बाई आल्या. लग्नाला अकरा वर्षं झालेली. बराच वेळ पाठदुखीबद्दल बोलल्या. निघताना दारातून मागे वळल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "डॉक्टर, मला तसं काही वाटतच नाही हो. माझ्यात काही कमी आहे का?"

तपासलं. सगळं ठीक होतं. मग विचारलं, त्या वेळी मनात काय चाललेलं असतं? "पोट दिसतंय का, आवाज बाहेर जाईल का, सासूबाई जाग्या असतील का... आणि मला आवडतंय हे कळलं, तर हे काय म्हणतील?"

इतकं सगळं डोक्यात असताना सुख शिरणार कुठून?

अमेरिकेतल्या किन्सी इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेल्या बँक्रॉफ्ट आणि यान्सेन या संशोधकांनी हे फार छान उलगडलंय. कामोत्तेजनेच्या दोन यंत्रणा असतात, एक चेतवणारी, एक आवरणारी. गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक म्हणा. आपण गोळ्या, तेलं शोधत ॲक्सिलरेटर दाबत राहतो आणि दुसरा पाय ब्रेकवरच असतो. "चांगल्या घरच्या मुलींना असलं काही वाटत नाही" हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य म्हणजे तोच ब्रेक.

आणखी एक. २०१० साली १३२ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. शरीराची उत्तेजना आणि मनाला जाणवणारी उत्तेजना यांचा मेळ बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बराच कमी आढळला. म्हणून नवरे मंडळींना कळकळीनं सांगते, ओलावा आला म्हणजे तिची इच्छा आहे, असं धरून चालू नका. तिला विचारा. आणि मैत्रिणींनो, पुष्कळ जणींना इच्छा आधी होत नाही, जवळीक सुरू झाल्यावर हळूहळू जागी होते. त्यात काहीही बिघाड नाही.

हे बोलायला आपल्याकडे कुणीच नव्हतं असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असं उघड लिहिलं. त्यापायी कोर्टात खेचले गेले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, पण मासिक थांबवलं नाही.

त्या बाईंना म्हटलं, पुढच्या वेळी यांना घेऊन या. आले दोघं. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले. मनातला तो शेवटचा प्रश्न बाईंनी त्यांच्यासमोर, खाली मान घालून, एकदाचा बोलून दाखवला.

ते थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुला माझाच कंटाळा आलाय."