पुण्याच्या कवितेत गरिबी दिसते कुठे?

नमस्कार. पुणं आणि कविता म्हटलं की आपल्याला काय आठवतं, तर शनिवारवाडा, पर्वती, मुळा-मुठा, नाहीतर मग गेलेलं वैभव. पेशवाईतले शाहीर घ्या, राम जोशी, होनाजी, प्रभाकर, भाषा काय तालेवार आहे, आणि पेशवाई बुडाल्यावर प्रभाकर हळहळतो ते आजही वाचावं असंच आहे, पण तो हळहळतोय कशासाठी, तर गादीसाठी. श्रावणात पर्वतीखाली रमण्यात, म्हणजे तिथल्या बंदिस्त आवारात, ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, तो पैसा शेवटी कुणब्याच्या शेतसाऱ्यातूनच आलेला ना? तो कुणबी त्या पोवाड्यांत मला तरी कुठे भेटला नाही.

तो भेटतो गंज पेठेत, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या घरी. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ सालचा, तेव्हा त्या होत्या २३ वर्षांच्या. त्यात फुलांच्या कविता आहेत आणि त्यांच्या शेजारीच शूद्र-अतिशूद्रांनो शिका म्हणून सांगणाऱ्या पण आहेत, आणि आमच्यातले काही रसिक या दुसऱ्या प्रकारच्या कवितांना प्रचार म्हणून बाजूला सारतात. अहो, जिच्या अंगावर शाळेत जाताना शेण टाकलं जात होतं त्या बाईने नुसत्या चाफ्यावरच लिहायचं का?

जोतिराव तर सरळ हिशोबच मांडतात. ‘ब्राह्मणांचे कसब’ १८६९ चं, ते अर्पणच केलंय कुणबी, माळी, मांग, महार यांना. मूल जन्मलं की दक्षिणा, लग्न लागलं की दक्षिणा, माणूस मेला तरी दक्षिणा, असं शेतकऱ्याच्या घरातून पैसा कसा कसा बाहेर जातो ते त्यांनी पद्यात लिहिलंय, कानाला रांगडं लागतं, लागू दे. हा माणूस स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत होता, १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी पोरांसाठी अन्नछत्र चालवत होता, त्यामुळे भूक त्याला ऐकून माहीत नव्हती. आणि ते ‘विद्येविना मती गेली’, जे प्रत्येक बॅनरवर असतं आणि बॅनर लावणाऱ्यांनी पण धड वाचलेलं नसतं, ते परत एकदा सावकाश वाचा. मती, मग नीती, मग गती, आणि वित्त जातं ते चौथ्या नंबरला. म्हणजे गरिबी ही सुरुवात नाहीये, आधी बरंच काही काढून घेतलं गेलंय आणि पैसा त्यानंतर गेलाय, हे इतक्या कमी शब्दांत मराठीत दुसऱ्या कोणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

केशवसुत याच काळात पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकत होते. त्यांच्या ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’मध्ये रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला हाकललं जातं आणि ते घरी येऊन आईला विचारतं की असं का. कविता चांगलीच आहे, कळवळा खराच आहे, पण उत्तर द्यायची वेळ आली की आईकडे काही नाही, ती बिचारी ‘ते थोर, आपण नीच’ एवढंच म्हणते. फुल्यांच्या कवितेतली आई पोराला हिशोब दाखवेल असं मला वाटतं. हे माझं मत, भांडायचं तर नंतर भांडू.

आता ज्यांना आपण कवी धरतच नाही त्यांचं. पुण्यातूनच हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मुळशीतल्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, पुढे ते काम राज्यभर गेलं आणि संग्रह लाखाच्या वर गेला. त्यात सासुरवास आहे, मोलमजुरी आहे, माहेरची गरिबी आहे, आणि कुठेही दया मागितलेली नाही, बाई दळता दळता दुसऱ्या बाईला सांगतेय एवढंच. पिठाच्या गिरण्या आल्या, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायचं निमित्तच संपलं, म्हणून ते रेकॉर्डिंग वेळेत झालं हे आपलं नशीब. त्याच संग्रहात दलित बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत, भीमरायाला अगदी घरातल्या माणसासारखं हाक मारून म्हटलेल्या. घरी जाऊन आधी त्या ऐका, ऑनलाइन आहेत, आवाजासकट.