मिलवॉकीच्या मैदानावरचा वाद

हे मिलवॉकी. अमेरिकेतलं, मिशिगन सरोवराच्या काठावरचं शहर. साल १९३५. इथल्या मुलांच्या मैदानांचा कारभार दोन घरांत वाटलेला होता: शाळा मंडळ आणि महापालिकेचं बांधकाम खातं. पैसा मोजका. तो मैदानाच्या डागडुजीवर घालायचा, की मुलांना खेळवणाऱ्या माणसांच्या पगारावर?

हा वाद अभ्यासायला शिकागो विद्यापीठातून एक विद्यार्थी आला. हर्बर्ट सायमन. याच शहरात जन्मलेला, अजून विशीही न गाठलेला. अर्थशास्त्राच्या वर्गात तो शिकला होता, की पुढचा प्रत्येक डॉलर जिथे जास्त उपयोगी पडेल तिथे टाकावा. इथे तर तसा हिशेब कुणी मांडतच नव्हतं! बांधकाम खात्याला मैदान म्हणजे नीट राखायची हिरवी जागा. शाळा मंडळाला तीच जागा म्हणजे मुलं एकमेकांत मिसळून वाढतात ते ठिकाण. लबाड कुणीच नव्हतं. ज्याला आपल्या खुर्चीवरून जे दिसत होतं, त्यावर तो ठाम होता.

व्यवस्थापनाच्या विचारात तेव्हा अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांचा दबदबा होता. काम करायची एकच सर्वोत्तम पद्धत असते, ती मोजून काढा, हे त्यांचं १९११ सालचं सांगणं. मग १९३८ मध्ये चेस्टर बर्नार्ड यांचं पुस्तक आलं. न्यू जर्सी बेल या टेलिफोन कंपनीचे ते अध्यक्ष, म्हणजे रोज निर्णय घेणारा माणूस. ते लिहितात, निर्णय घेण्याची कला ही निर्णय न घेण्यात आहे: आज ज्याची गरज नाही तो, वेळेआधीचा, अमलात न येणारा आणि दुसऱ्याने घ्यायचा, असा निर्णय आपण घेऊ नये. इतकं अनुभवाचं बोलणं या विषयात फार थोड्यांनी केलंय.

१९४७ मध्ये संस्थांमध्ये निर्णय कसे होतात यावरचा सायमन यांचा ग्रंथ आला, त्याला प्रस्तावना याच बर्नार्ड यांची. माणसाला सगळे पर्याय दिसत नाहीत, सगळे परिणाम कळत नाहीत, वेळही पुरत नाही. सायमन यांच्या या विचाराला पुढे नाव मिळालं, मर्यादित विवेकशीलता. १९५८ मध्ये जेम्स मार्च यांच्यासोबत त्यांनी दाखला दिला तो सुईचा. गवताच्या गंजीतली सगळ्यांत टोकदार सुई शोधायची, की शिवण निभेल इतपत टोकदार मिळाली की थांबायचं? निर्णय घेणारा साहेब अशा ‘इतपत’वर थांबतो. आपणही थांबतो. याच कामासाठी सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता हा प्रसंग पाहा. जानेवारी १९५६, पिट्सबर्ग. निर्णय जर पायरीपायरीने होत असेल, तर त्या पायऱ्या यंत्रालाही शिकवता येतील, असं सायमन आणि त्यांचे सहकारी ॲलन न्यूएल यांना वाटत होतं. तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा त्यांचा प्रोग्रॅम अजून संगणकावर चढायचा होता. म्हणून सायमन यांनी पत्नीला, तिन्ही मुलांना आणि काही विद्यार्थ्यांना गोळा केलं. एकेकाच्या हातात एकेक कार्ड दिलं. कार्डावर लिहिलंय तेवढंच करायचं, आणि उत्तर पुढच्याकडे द्यायचं.