रक्तदाब मोजायला शिकवताना

श्रोते हो, नमस्कार.

रक्तदाब मोजणे हे दवाखान्यातले सर्वांत सोपे काम समजले जाते, आणि बहुधा त्यामुळेच ते शिकवण्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. २०१५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सभेत ३७ राज्यांतून आलेल्या १५९ वैद्यकीय विद्यार्थ्यांची या कामात परीक्षा घेण्यात आली. त्यात तपासायच्या ११ बाबी होत्या, आणि त्या सगळ्या बिनचूक करणारा विद्यार्थी एकच निघाला. ही मुले हुशार नव्हती असे कोण म्हणेल? एकदा शिकवून सोडून दिलेले कौशल्य हातात टिकत नाही, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

चूक बहुतेक वेळा यंत्राला हात लावण्याआधीच झालेली असते. रुग्ण जिना चढून आलेला असतो, त्याला पाच मिनिटे शांत बसू न देता पट्टा बांधला जातो, पाठीला आधार नसतो आणि मोजता मोजता त्याच्याशी गप्पाही चालू असतात. हात हृदयाच्या पातळीपासून दहा सेंटीमीटर खाली राहिला, तर आकडा सुमारे आठने वाढतो. म्हणजे ज्याचा वरचा दाब खरोखर १३४ आहे, त्याच्या कागदावर १४२ लिहिले जाते आणि कदाचित जन्मभराची गोळी त्याच्या मागे लागते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी आकडा असाच फुगतो. पट्ट्यातल्या रबरी पिशवीने दंडाचा किमान ८० टक्के घेर व्यापायला हवा, म्हणून एकाच मापाचा पट्टा ठेवून केंद्र चालवणे मला मुळीच पटत नाही.

कानाने ऐकण्याचे तंत्र निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ साली मांडले. ते शिकवण्यासाठी दोघांना एकाच वेळी ऐकता येईल असा जोड-स्टेथोस्कोप फार उपयोगी पडतो. शिकणारी परिचारिका आधी मनगटाची नाडी चाचपते, पट्टा फुगवत नाडी कुठे लागेनाशी होते ते पाहते, त्याच्यावर आणखी तीस मिलिमीटर दाब चढवते आणि मग सेकंदाला दोन मिलिमीटर इतक्या सावकाश हवा सोडते. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा दाब, ठोके ऐकू येईनासे झाले तो खालचा. शिकणारी आणि शिक्षिका, दोघींनीही एकमेकींना न दाखवता आपापला आकडा लिहायचा आणि नंतर ताडून पाहायचा. सगळे आकडे शून्यावरच संपत असतील, तर शिकणारी मोजत नसून अंदाज करते आहे, हे शिक्षिकेने तिथेच सांगावे.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र सुरुवातीच्या राज्यांपैकी एक आहे. आता सरकारी केंद्रांतही डिजिटल यंत्रे आली आहेत आणि पाऱ्याची मागे पडत आहेत. पाऱ्याचे विष पाहता ते योग्यच आहे, आणि डिजिटल यंत्र आकडा सोयीने शून्यावर आणत नाही, हाही मोठा फायदा. परंतु पट्टा कोणता बांधायचा, हात कुठे टेकवायचा, हे ते यंत्र सांगत नाही. शिवाय ज्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्याच्या बाबतीत अशा यंत्राचा आकडा भरवशाचा राहत नाही. तिथे नाडी हाताने पाहून, स्टेथोस्कोप लावून, दोन-तीनदा मोजावे लागते. म्हणून आशा सेविकेपासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाच्या या कौशल्याची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा व्हावी, आणि तिच्यात कानाने ऐकण्याचा भाग वगळला जाऊ नये.